जुने घर आणि मोकळी चौकट

खारदांड्याच्या गल्लीत जुन्या घराचे छायाचित्र घ्यायला उभे राहिले की पहिली अडचण येते ती मागे सरकण्याची. पाठ समोरच्या ओट्याला टेकते आणि घर तरीही चौकटीत मावत नाही. निसर्गचित्राला अंतर लागते, आणि कोळीवाड्यात घराघरांमध्ये अंतर ठेवण्याची रीतच नाही. ते मिळते ओहोटीच्या वेळी, वाळूत उतरून गावाकडे तोंड केले तर. तेथून कौलांची उतरण, एखादा माड, पुढ्यात ओढून ठेवलेली होडी असे सारे जागच्या जागी बसते. आमच्या संग्रही अशी चित्रे पुष्कळ आहेत. त्यांतल्या एकातही माणूस नाही, हे आमच्या फार उशिरा ध्यानात आले.

ही दृष्टी आमची स्वतःची नव्हे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात विल्यम गिल्पिन या इंग्रज पाद्र्याने 'चित्रवत्' सौंदर्याची चर्चा रूढ केली, तेव्हा पडके, खडबडीत, झाडीत अर्धे लपलेले घर हे तिचे आवडते लक्ष्य होते. त्या काळचे रसिक प्रवासी एक काळसर आरसा जवळ बाळगीत आणि देखाव्याकडे पाठ करून त्या आरशात देखावा पाहत. (आजच्या सेल्फीची थट्टा करणाऱ्यांनी हे विसरू नये.)

मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, तेव्हा ही अभिरुची कॅमेऱ्यासोबत आयतीच आली. तिला तंत्राचाही आधार मिळाला. ओल्या कलोडियनच्या पद्धतीत काच लेपून ती वाळण्याआधी, म्हणजे दहा-पंधरा मिनिटांत, चित्र घेऊन धुवावे लागे. प्रकाशनाला कित्येक सेकंद लागत. घर स्थिर राही, हलणारे माणूस मात्र धुरासारखे पुसट होई. म्हणून माणसाला बाजूला करणे सोयीचे. पुढे १८८०च्या सुमारास कोरड्या काचा सर्रास मिळू लागल्या आणि ही अडचण सरली. रिकामे अंगण मात्र चित्रात तसेच राहिले. सोयीची तोवर रुची झाली होती. कोकणातल्या जुन्या घरावरच्या आपल्या कित्येक ललितलेखांतही माणसे नेमकी बाहेर गेलेली असतात, ती याच रुचीमुळे असावीत, असा आमचा संशय आहे.

घरातून काढलेला माणूस गेला कोठे? विल्यम जॉन्सन यांनी मुंबईतील जातीजमातींच्या छायाचित्रांचे दोन खंड १८६३ आणि १८६६ मध्ये प्रसिद्ध केले. दुसरा खंड महाराष्ट्र व कोकणचा. त्यांत माणसे एकीकडे टिपून, निराळ्या घेतलेल्या स्थळदृश्यांसमोर बसवलेली आहेत. पायाखालची जमीन त्यांची नाही, हे जरा निरखले की कळते. घराचे चित्र माणसावाचून, माणसाचे चित्र घरावाचून, अशी ही वाटणी होती.

आणि 'जुने' तरी काय? जे मंगलोरी कौल चौकटीत आले की घर आपल्याला अस्सल गावठी वाटते, त्याचा पहिला कारखाना बासेल मिशनने मंगलोरात १८६५ मध्ये काढला. ते कौल मुंबईच्या छायाचित्रणापेक्षा वयाने लहान.

दांड्यात या साऱ्याला केवळ कलाविचाराचे मोल नाही. ६ जानेवारी २०११ च्या किनारा नियमन अधिसूचनेत बृहन्मुंबईतील कोळीवाड्यांचे नकाशे करून त्यांना वेगळे संरक्षण देण्याची तरतूद आली; २०१९ मध्ये नवी अधिसूचना निघाली. वाद राहिला तो हद्दीचा. कोळी मंडळींचे म्हणणे असे की मासळी सुकवण्याची जागा, होड्या ओढून ठेवण्याची जागा, जाळी विणण्याची जागा हाही कोळीवाडाच. नकाशात घराच्या भिंतीपाशी रेषा थांबली, तर उरलेली वाळू मोकळी ठरते. आम्ही वाळूवरून घेतलेली सुरेख चित्रे कोणी पुरावा म्हणून पुढे ठेवली, तर ती कोणाच्या बाजूने साक्ष देतील?

अलीकडे आम्ही गल्लीतूनच चित्रे घेतो. उभी चौकट, घराचा अर्धा दरवाजा कापलेला, कौले जेमतेम एका कोपऱ्यात. पुढे दोरीवर जबड्यात जबडा अडकवून टांगलेल्या बोंबलांची रांग, आणि तिच्याआडून "बाजूला व्हा, सावली पडतेय" असे सांगणारा एका मावशींचा हात, हललेला, पुसट.