रविवारची सुट्टी आणि एक स्टोअरकीपर

रेल्वेच्या नोकरीत दर काही वर्षांनी रिफ्रेशर कोर्सला जावे लागते. तिथे रूळ, वेल्डिंग, पुलांची तपासणी यांच्या जोडीला नेतृत्वगुणांचाही एक तास असतो. पडद्यावर शिवाजी महाराज, नेपोलियन, गांधीजी यांची चित्रे येतात आणि धैर्य, दूरदृष्टी, वक्तृत्व अशी दहा-बारा गुणांची यादी उतरवून घ्यायला सांगतात. मला ही यादी नेहमीच अपुरी वाटत आली आहे. धैर्य तर रात्री पावसात रुळावर गस्त घालणाऱ्या प्रत्येक माणसात असते, आणि वक्तृत्व म्हणाल तर आमच्या कॅन्टीनमध्ये त्याची टंचाई कधीच नसते. तरी सगळेच पुढारी होत नाहीत. मग एखादाच का होतो? या प्रश्नासाठी मला राजे-सेनापतींपेक्षा नारायण मेघाजी लोखंडे यांचे चरित्र जास्त उपयोगी वाटते. २००५ साली टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढले, पण महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्या मराठी माणसांना हे नाव फारसे ठाऊक नसते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

लोखंडे यांचा जन्म १८४८ सालचा, ठाण्याचा. घर गरीब माळ्याचे. शिक्षण मॅट्रिकच्या आसपास थांबले आणि पोटासाठी त्यांनी आधी रेल्वेत, मग पोस्टात नोकरी केली. (आपल्या खात्याने गमावलेल्या माणसांत हे नाव बरेच वर लावायला हरकत नाही!) त्यानंतर ते मुंबईत मांडवीच्या एका गिरणीत स्टोअरकीपर झाले.

मुंबईत पहिली कापडगिरणी कावसजी दावर यांनी १८५४ साली स्थापन केली. पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत गिरण्यांची धुराडी भराभर उभी राहिली आणि कोकण-घाटावरून माणसांचे लोंढे आले. विजेचे दिवे नव्हते, त्यामुळे गिरणी सूर्याच्या घड्याळावर चाले. उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम, म्हणजे उन्हाळ्यात तेरा-चौदा तासांचा दिवस. आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती. सणासुदीला गिरणी बंद राही तेवढीच विश्रांती. पगार महिना उलटून गेला तरी हातात पडत नसे. यंत्रात बोटे गेली की त्या दिवसापासून कमाई बंद.

हाल होते म्हणून पुढारी निर्माण झाला, असे सरळ म्हणता येईल का? मला नाही वाटत. हावडा स्टेशनात १८६२ साली सुमारे बाराशे रेल्वे मजुरांनी आठ तासांच्या दिवसासाठी काम बंद केले होते. नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये १८७७ साली पगाराच्या दरावरून संप झाला. हाल तिथेही होते आणि धैर्यही होते. पण त्या संपांचे पुढारी म्हणून कोणाचे नाव इतिहासात राहिले नाही. माणसे उठली आणि पुन्हा कामावर गेली. रागाला कागदावर आणणारा कोणी तिथे उभा राहिला नाही.

लोखंडे यांचे वेगळेपण मला इथे दिसते. स्टोअरकीपर हा मालकही नसतो आणि मजूरही नसतो. माल किती आला, किती गेला, कोण काय मागायला आले, हे सगळे त्याच्या वहीत असते. साहेबाची भाषा त्याला कळते आणि साच्यावरच्या माणसाचीही. आम्ही डिप्लोमावाले सुपरवायझर याच जागेवर उभे असतो, म्हणून हे मला जास्त समजते. आमच्या गँगचा मेट रेल्वे नेमते. पण गँगचा खरा पुढारी पुष्कळदा दुसराच असतो. लोक रजेचा अर्ज, पीएफच्या कर्जाचा फॉर्म लिहून घ्यायला ज्याच्याकडे जातात तो. त्याला कोणी निवडून दिलेले नसते.

लोखंडे हे जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते. कृष्णराव भालेकर यांनी पुण्यात १८७७ साली काढलेले 'दीनबंधु' हे पत्र लोखंडे यांनी १८८० पासून मुंबईतून चालवायला घेतले. आता वहीच्या जोडीला छापखाना आला.

१८८१ साली हिंदुस्थानातला पहिला कारखाना कायदा झाला. त्यामागे सोराबजी शापुरजी बंगाली यांच्यासारख्या सज्जनांची कळकळ होती, तशीच लँकेशायरच्या गिरणीमालकांची पोटदुखीही होती. मुंबईचे स्वस्त सूत त्यांना जड जात होते, तेव्हा इथल्या मजुरांविषयी त्यांना एकदम दया उत्पन्न झाली! कायदा मात्र अगदीच तोकडा निघाला. सात वर्षांखालच्या मुलांना कामाला लावायचे नाही, सात ते बारा वयाच्या मुलांना नऊ तासांपेक्षा जास्त राबवायचे नाही आणि महिन्याला चार सुट्ट्या द्यायच्या. मोठ्या माणसांना आणि बायकांना काहीच नाही.

त्या कायद्याचा फेरविचार करायला १८८४ साली मुंबई सरकारने एक कमिशन नेमले. लोखंडे यांनी सप्टेंबर महिन्यात मजुरांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज कमिशनपुढे ठेवला. त्यातल्या मागण्या पाहा. दर रविवारी सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला बंद. महिन्याचा पगार पुढल्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार. कुठे मोठा शब्द नाही की घोषणा नाही. ज्याने स्टोअरच्या खिडकीतून गिरणी पाहिली आहे त्यालाच हा अर्ज असा लिहिता येईल. बंगाली शेठजींची तळमळ खरी होती, पण ती बाहेरून पाहणाऱ्याची होती. पंधरा तारखेपर्यंत पगार न मिळाल्यावर वाणी उधार देणे बंद करतो, ही गोष्ट आतल्या माणसालाच ठाऊक असते.

कमिशनने ऐकून घेतले आणि पुढची काही वर्षे काहीच हलले नाही. मालकांचे म्हणणे असे की हिंदू-मुसलमानांना सणांच्या सुट्ट्या मिळतातच, रविवार हा तर ख्रिस्ती लोकांचा वार. त्यावर रविवार हा आमच्या खंडोबाचाही वार आहे, असे उत्तर लोखंडे यांच्या बाजूने दिले गेल्याचे सांगतात. जेजुरीला जाणाऱ्या घाटावरच्या मजुराला ते पटायला वेळ लागला नसेल.

२४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार मजूर जमले. दोन स्त्री-कामगारांनी त्या सभेत भाषणे केली. १८९० साली, गिरणीतल्या बायका, दहा हजारांपुढे! मला या सगळ्या हकिकतीत ही गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. ज्या सभेत दुसऱ्यांना बोलू दिले जाते त्या सभेच्या पुढाऱ्याविषयी वेगळे काही सांगायला नको. त्यानंतर दीड-दोन महिन्यांत, १० जून १८९० रोजी, मुंबईच्या गिरणीमालक संघाने साप्ताहिक सुट्टी मान्य केली. पुढे १८९१ च्या कायद्यात ती आली, बायकांच्या कामाला अकरा तासांची आणि मुलांच्या कामाला सात तासांची मर्यादा पडली. प्रौढ पुरुषांचे तास मात्र तसेच मोकळे राहिले, ते १९११ पर्यंत.

आता गंमत अशी की ज्या 'बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन'चे लोखंडे अध्यक्ष होते, तिच्याविषयी १८९२ सालच्या सरकारी कारखाना अहवालात शेरा आहे की या संस्थेला सभासदांची यादी नाही, निधी नाही, नियम नाहीत. येईल त्या मजुराला लोखंडे सल्ला देतात, इतकेच तिचे स्वरूप. संस्था नक्की कधी स्थापन झाली यावर अभ्यासकांत अजून मतभेद आहेत, कोणी १८८४ म्हणतात तर कोणी १८९०. पुढच्या काळातल्या काही लेखकांनी या शेऱ्यावरून त्यांना कामगार पुढारी न म्हणता परोपकारी गृहस्थ ठरवले. त्यांनी सरकारकडून 'रावबहादूर' ही पदवी घेतली, संप पुकारण्यापेक्षा अर्जांवर भर दिला, हेही त्यांच्या विरुद्ध सांगतात. मला हा आक्षेप उलटा वाटतो. वर्गणी नाही, पावती नाही, घटना नाही आणि तरी दहा हजार माणसे एका शब्दावर मैदानात येतात, तर ती कशाच्या जोरावर? येईल त्याचे ऐकून घेण्याच्या आणि ते नीट लिहून योग्य टेबलावर ठेवण्याच्या जोरावर. आज ज्यांच्याकडे याद्या, निधी आणि नियम सगळे आहे त्यांनी तो शेरा एकदा वाचावा. असो.

त्याच १८९० साली विधवांच्या केशवपनाला हात लावू नये म्हणून त्यांनी मुंबईतल्या नाभिकांनाही एकत्र आणले होते. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

लोखंडे यांनी जिथून सुरुवात केली त्या रेल्वेत मात्र साप्ताहिक विश्रांती कायद्यात यायला १९३० साल उजाडले. म्हणजे गिरणीनंतर चाळीस वर्षांनी. आम्ही तिला अजून 'रेस्ट' म्हणतो, आणि कोणाचा रेस्ट रविवारी तर कोणाचा बुधवारी.

१८९६ च्या पावसाळ्यानंतर मुंबईत प्लेग शिरला. लाखो माणसे शहर सोडून गेली. गिरण्या ओस पडू लागल्या. लोखंडे यांनाही गाव जवळ होते, ठाणे-पुणे दूर नव्हते. ते गेले नाहीत. रोग्यांसाठी त्यांनी इस्पितळ उभे करण्यात भाग घेतला, वस्त्यांतून फिरले आणि त्यातच त्यांना लागण झाली. ९ फेब्रुवारी १८९७ रोजी ते वारले. पन्नाशीही गाठली नव्हती. पुढे महिन्याभरातच, १० मार्चला, पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या.