स्मरणाची आज्ञा आणि इतिहासाचा विवेक

इतिहासात ईश्वरी हेतू प्रकट होतो, ही धारणा प्राचीन हिब्रू परंपरेइतक्या ठामपणे अन्यत्र क्वचितच आढळते. तरीही याच परंपरेने इतिहासलेखन जवळजवळ पंधरा शतके दूर ठेवले. योसेफ हाइम येरुशल्मी (१९३२–२००९) यांच्या ‘झाखोर’ (१९८२) या छोटेखानी ग्रंथाचा गाभा म्हणजे हा विरोधाभास. ‘झाखोर’ हे आज्ञार्थी क्रियापद आहे : ‘स्मरण कर’. बायबलमध्ये ही आज्ञा वारंवार येते; परंतु स्मरण करणे म्हणजे इतिहास लिहिणे नव्हे, असे येरुशल्मी दाखवून देतात.

पहिल्या शतकातील जोसेफसनंतर ज्यू समाजाची स्मृती प्रामुख्याने विधी, प्रार्थना आणि कथन यांतून वाहत राहिली. पेसाखच्या रात्री ‘हाग्गादा’ वाचताना प्रत्येक पिढी मिसरमधून झालेली सुटका स्वतःचीच मानते. नव्या आपत्तीही जुन्या साच्यात सामावल्या जात. ११७१ मध्ये फ्रान्समधील ब्लवा येथे ज्यूंना जाळण्यात आले, तो दिवस सिवान महिन्याचा विसावा होता. १६४८ मध्ये युक्रेनमध्ये भीषण कत्तली झाल्या, तेव्हा त्यांच्या स्मरणार्थ उपवासासाठी हीच तिथी पुन्हा निवडली गेली. घटनेचे वेगळेपण नोंदवण्यापेक्षा तिला पूर्वस्मृतीशी जोडणे समाजाला अधिक निकडीचे वाटले. इतिहासकाराची वृत्ती नेमकी याच्या उलट असते.

१४९२ मध्ये स्पेनमधून झालेल्या हकालपट्टीनंतर सोळाव्या शतकात काही इतिहासग्रंथ निर्माण झाले. परंतु ती परंपरा स्थिरावली नाही. आधुनिक चिकित्सक इतिहासाचा उगम १८१९ मध्ये बर्लिन येथे स्थापन झालेल्या अभ्यासमंडळापाशी सापडतो. पुढे हाइनरिख ग्रेत्स यांनी अकरा खंडांत (१८५३–१८७६) ज्यूंचे सलग आख्यान रचले. धर्मश्रद्धा सैल होत असताना इतिहास हाच ओळखीचा आधार ठरू लागला.

राष्ट्रवादाने या आधाराचा वापर कसा केला, हे मसादाच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. रोमन वेढ्यात ९६० जणांनी मरण पत्करल्याचा वृत्तान्त केवळ जोसेफसकडून मिळतो. तालमूदमध्ये मसादाचा उल्लेख नाही. यित्झाक लामदान यांचे दीर्घकाव्य (१९२७) आणि यिगाएल यादिन यांचे उत्खनन (१९६३–१९६५) यांच्यामुळे हा विस्मृत गड राष्ट्रीय प्रतीक बनला. इस्रायली सैनिकांचे शपथविधीही तेथे होऊ लागले. मात्र गडावरील याच मंडळींनी एन-गेदीवर धाड घालून सातशेहून अधिक स्त्रिया व मुले मारल्याचे जोसेफस सांगतो, तो भाग प्रचलित कथनातून गळला. राष्ट्राचे आख्यान असत्यावरच उभे असते असे नाही. अनेकदा ते निवडीवर उभे असते.

अर्थात, येरुशल्मी यांची मांडणी निर्विवाद नाही. आमोस फुंकेनस्टाइन यांनी १९८९ मध्ये आक्षेप घेतला, की स्मृती आणि इतिहास यांत इतकी खोल दरी नाही. धर्मशास्त्रीय निर्णयांतही काळ आणि स्थळ यांचे सूक्ष्म भान सतत जागे होते.

या वादाला कोकणातील बेने इस्रायल समाज एक वेगळे परिमाण देतो. मराठी भाषांतरासह हाग्गादा १८७४ मध्ये पुण्यात छापली गेली. त्याच सुमारास बायबलमधील चरित्रांवर मराठी कीर्तनेही रचली जाऊ लागली. हाइम सॅम्युएल केहीमकर यांनी १८९७ मध्ये समाजाचा इंग्रजी इतिहास लिहून पूर्ण केला. तो प्रसिद्ध झाला १९३७ मध्ये, तेल अवीव येथे. येथे स्मरण आणि इतिहास एकाच समाजात, काही दशकांच्या अंतराने, शेजारी उभे राहिले. शिवाय हे स्मरण ज्या कीर्तनाच्या घाटातून झाले, तो घाट शेजाऱ्यांच्या भक्तिपरंपरेतून आलेला होता. समूहाची स्मृती स्वतःची असण्यासाठी तिचा साहित्यप्रकारही केवळ स्वतःचाच असावा लागत नाही, हे तौलनिक साहित्याच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

स्मृतीची हरवलेली जागा इतिहास भरून काढील, अशी आशा येरुशल्मी यांना नव्हती. तरीही १९८७ मध्ये फ्रान्समधील एका व्याख्यानात त्यांनी प्रश्न उपस्थित केला, की विस्मरणाच्या विरुद्ध टोकाला स्मरण नसून न्याय तर नसेल? मसादा आणि एन-गेदी एकत्र वाचताना या प्रश्नाचा अर्थ उलगडतो. आख्यान समाजाला बांधून ठेवते. त्यातून वगळलेल्यांची नोंद ठेवणे, हे इतिहासकाराचे काम उरते.