पुनर्प्रकाशित डिस्को ध्वनिमुद्रिका : समीक्षा आणि इतिहास

१९८२ साली एचएमव्हीने चरणजीत सिंग यांची 'टेन रागाज टू अ डिस्को बीट' ही ध्वनिमुद्रिका प्रकाशित केली. तिची तेव्हा फारशी दखल घेतली गेली नाही. २०१० मध्ये 'बॉम्बे कनेक्शन'ने ती पुनर्प्रकाशित करताच पाश्चात्त्य समीक्षकांनी तिचे नाते शिकागोच्या 'ॲसिड हाऊस' या नृत्यसंगीताशी जोडले, कारण त्या प्रवाहातील 'ॲसिड ट्रॅक्स' १९८७ सालची आहे. कालक्रम खरा, परंतु त्यावरून सिंग यांना शिकागोचे पूर्वसूरी ठरविणे इतिहासदृष्ट्या घाईचे आहे. दोन्ही ठिकाणी रोलँड कंपनीचे टीबी-३०३ हेच वाद्ययंत्र होते, एवढाच दुवा निश्चित आहे.

सिंग हे मुंबईच्या चित्रपटसंगीतातील मुरलेले वादक. १९८० च्या 'कुर्बानी'नंतर हिंदी चित्रपटांत डिस्कोची लाट आली होती आणि शीर्षकातही त्यांनी हाच शब्द योजला. टीबी-३०३ मध्ये एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय आहे. भैरव, यमन, मालकंस यांसारख्या रागांना आवश्यक असलेली मींड त्यामुळे यंत्रावरही काही अंशी साधता आली. समीक्षकांनी शिकागोकडे पाहताना नेमकी हीच बाजू दुर्लक्षिली. पुनर्प्रकाशनानंतर सिंग यांनी युरोपातील रंगमंचांवर हे राग वाजविले. २०१५ साली मुंबईत त्यांचे निधन झाले.