फौजी बाबा : खानदेशातील एका पेन्शनराची आठवण

आपल्या चळवळीच्या इतिहासात पुढाऱ्यांची चरित्रे आहेत, सत्याग्रहांच्या तारखा आहेत, अत्याचारात बळी पडलेल्यांची नावे आहेत. हे सर्व जपलेच पाहिजे. परंतु जी माणसे लढली आणि जगली, म्हातारी झाली, नातवंडांत रमली आणि नव्वदी ओलांडून आपल्या घरात, आपल्या खाटेवर मरण पावली, त्यांची नोंद कोठेच नाही. सुखाने म्हातारे होणे ही ज्या समाजात शेकडो वर्षे अपवादाची गोष्ट होती, त्या समाजात असे म्हातारपण हासुद्धा इतिहास आहे. आमचे आजोबा असे एक होते. वस्ती त्यांना 'फौजी बाबा' म्हणे.

गिरणाकाठच्या एका खेड्यात त्यांचा जन्म झाला. पलटणीच्या कागदावर १९२२ साल लिहिले होते, पण तो भरती करणाऱ्या बाबूचा अंदाज. वडील येसकर. चावडीवर हाक आली की धावायचे, सारा पोहोचवायचा, मेलेले ढोर ओढायचे आणि संध्याकाळी भाकरी मागून आणायची, हा त्या घराचा दिनक्रम. या वतनाची साखळी तोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाचे बिल मांडले. ते त्या वेळी पार पडले नाही आणि साखळी आणखी तीस वर्षे तशीच राहिली.

फौजी बाबांना सगळ्या गोष्टी हसत सांगायची सवय होती. फक्त एक गोष्ट सांगताना ते हसत नसत. ती चाळीसगावच्या टांग्याची.

२३ ऑक्टोबर १९२९ चा तो दिवस. अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे सभासद म्हणून बाबासाहेब खानदेशात आले होते. धुळ्याकडील एका सामाजिक बहिष्काराच्या प्रकरणाची चौकशी करून परतताना ते चाळीसगाव स्टेशनवर उतरले. महारवाड्यातील लोकांनी त्यांना एक रात्र राहण्याचा आग्रह केला. महारवाडा नदीपलीकडे. परंतु महाराला बसवून टांगा हाकणे टांगेवाल्यांना कमीपणाचे वाटले. ते टांगा भाड्याने द्यायला तयार झाले, हाकायला तयार झाले नाहीत. पाहुण्याला पायी नेणे लोकांना बरे वाटेना. शेवटी आपल्यातलाच एक जण लगाम धरून बसला. त्याने कधी टांगा हाकलेला नव्हता. नदीवरील मोरीवर टांगा कलंडला, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, त्यांचा पाय मोडला. पुढे बाबासाहेबांनी ही हकीकत आपल्या आठवणींत लिहिली. ती पुस्तिका पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० साली प्रसिद्ध केली. लोकांनी आपल्या सन्मानासाठी आपला जीव धोक्यात घातला हे त्यांनी ओळखले होते. मोलमजुरी करणारा टांगेवालासुद्धा बॅरिस्टर झालेल्या अस्पृश्यापेक्षा स्वतःला वरचा समजतो, हा त्यातून त्यांनी काढलेला निष्कर्ष आहे.

आजोबांनी ही पुस्तिका वाचण्यापूर्वी साठ वर्षे ही गोष्ट ऐकलेली होती. त्या वेळी ते सहा-सात वर्षांचे असतील. त्यांचे वडील म्हणत, "आपल्यात एक माणूस हाकणारा असता तर साहेबांचा पाय वाचला असता." हे वाक्य त्या पोराच्या मनात रुतून बसले.

१९४२ साली ते पलटणीत गेले. येथे थोडा मागचा इतिहास लक्षात घेतला पाहिजे. इंग्रजांच्या मुंबई फौजेत महार पिढ्यान् पिढ्या होते. कोरेगावच्या स्तंभावर त्यांची नावे आहेत. बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार याच परंपरेतले. १८९२ च्या सुमारास 'लढाऊ जाती'च्या सिद्धांताने महारांची भरती बंद झाली. गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज लिहिला. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली विलायतेपर्यंत दाद मागितली. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली आणि गरज संपताच १९२१ साली मोडण्यात आली. पुन्हा युद्ध आले, बाबासाहेबांनी सरकारकडे आग्रह धरला आणि १९४१ च्या ऑक्टोबरात बेळगावला महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. आजोबा हे सगळे एका वाक्यात सांगत : "लढाई आली की त्यांना महार आठवतो." हसत सांगत, पण त्यात कडवट जाण होती. साम्राज्याची चाकरी म्हणजे मुक्ती, असा भ्रम त्यांना कधी नव्हता. जातीच्या नावाची पलटण हीसुद्धा जातीचीच व्यवस्था आहे, हेही ते ओळखून होते. मात्र गावात जे मिळाले नसते ते त्यांना तेथे मिळाले : अक्षरे, बूट, वेळेवर पगार आणि ड्रायव्हिंग. भरतीनंतर काय शिकणार असे विचारले, तेव्हा त्यांनी मागे-पुढे न पाहता सांगितले, "गाडी हाकायला."

१९४७ साली महार रेजिमेंटच्या पलटणी पंजाब बाऊंडरी फोर्समध्ये होत्या. आजोबांनी निर्वासितांनी भरलेली लॉरी चालवली. जे पाहिले त्यातले फार थोडे ते सांगत. एवढेच म्हणत, "लॉरीत चढताना एकानेही माझी जात विचारली नाही. जीव वाचवायचा असला की टांगेवाल्याची जात कोण पाहतो?"

१९६० साली ते पेन्शन घेऊन घरी आले. कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करणारा कायदा १ ऑगस्ट १९५९ पासून अमलात आला होता. कायद्याने येसकरकी संपली होती, गावाच्या मनातून संपली नव्हती. पहिल्याच पावसाळ्यात एका वाड्यातून निरोप आला, बैल मेला आहे, ओढायला या. आजोबा दारात उभे राहून मोठ्याने हसले आणि अहिराणीत म्हणाले, "तुमनं ढोर तुम्हीच वढा, मी पेन्शनर शे!" त्यावर दीड-दोन महिने आमच्या घराचे दळण गावच्या गिरणीत घेतले गेले नाही. आजोबा सायकलवर पोते टाकून दुसऱ्या गावाहून दळून आणत आणि वाटेत भेटेल त्याला रामराम न करता 'जयभीम' घालत. त्या बहिष्काराची गोष्टही ते विनोदासारखी सांगत. आमच्या लहानपणी आम्हांला त्यात फक्त विनोदच दिसे.

त्या हसण्याचा अर्थ मला पुढे कळला. गावगाड्यात महाराने कसे उभे राहावे, कोठे बसावे, काय नेसावे हे जसे ठरलेले होते, तसे त्याने कोणापुढे हसावे हेही ठरलेले होते. चावडीसमोरून जाताना खाली मान घालून जोहार घालायचा. मोकळ्याने हसणे म्हणजे माज. आजोबांनी हा माज आयुष्यभर केला. त्यांचा आनंदीपणा स्वभावाचा होताच, शिवाय तो ठरवून मिळवलेला हक्क होता.

पण हा हक्क एकट्याच्या जोरावर मिळाला नव्हता, हे लिहिले नाही तर हा लेख खोटा ठरेल. अठरा वर्षे आजोबा बाहेर होते. त्या काळात आजी दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचत होती, मनिऑर्डर पोस्टमनकडून वाचून घेत होती आणि दोन मुले व दोन मुली शाळेत धाडत होती. एकदा आम्ही आजीला विचारले, बाबा एवढे हसतात, तू का नाही हसत? ती म्हणाली, "ते हसत आले, कारण रडायचं काम मी उरकून ठेवलं होतं." आजोबा शेजारीच बसले होते. ते गप्प झाले. त्या दिवसापासून सकाळचा चहा तेच करीत, आजी वारली त्या दिवसापर्यंत.

थोरला मुलगा भुसावळला रेल्वेत लागला. एक मुलगी नर्स झाली, दुसरी शिक्षिका. ३१ जुलैला सारे कुटुंब धुळ्याजवळ लळिंगच्या लांडोर बंगल्यावर जाई. १९३७ साली धुळ्याला न्यायालयाच्या कामासाठी आले असता बाबासाहेब तेथे मुक्कामाला होते, म्हणून दरवर्षी तेथे लोक जमतात. जाताना आजोबा नेहमी ड्रायव्हरच्या शेजारी बसत आणि घाट आला की त्याला गिअर सांगत. शेवटी शेवटी डोळे गेले होते, तरी आवाजावरून सांगत.

२०१५ साली ते गेले. त्यांच्या पेटीत पलटणीचे सर्टिफिकेट, पेन्शनबुक आणि कालबाह्य झालेले ड्रायव्हिंग लायसन निघाले. बाबासाहेबांचा टांगा हाकायला माणूस नव्हता, त्या खानदेशातले हे लायसन. मी ते जपून ठेवले आहे.

वाचकांपैकी जे कार्यकर्ते आहेत, शिक्षक आहेत, विद्यार्थी आहेत, त्यांना एवढेच सांगणे आहे. जळगाव-धुळ्याच्या वस्त्यांमध्ये अशा पेट्या अजून आहेत. पेन्शनर गेले, त्यांच्या विधवा अजून कोठे कोठे आहेत. पेट्या उघडा, कागदांची नोंद करा. आणि त्या म्हाताऱ्या काय सांगतात ते आधी लिहून घ्या, कारण त्यांचे बोलणे कोणत्याच पेटीत ठेवलेले नाही.