खेळाडूंचे मानसिक आरोग्य, संकटकाळातील (घोटी परिसर)

साथ, टाळेबंदी किंवा सामाजिक उलथापालथीच्या काळात महाविद्यालयीन खेळाडूंच्या मनावर येणारा ताण. घोटी (ता. इगतपुरी, जि. नाशिक) हे मुंबई-आग्रा महामार्गावरील भाताच्या बाजारपेठेचे गाव. शेजारच्या त्र्यंबकेश्वर तालुक्यातील सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटर धावण्यात कांस्यपदक मिळवले. इथल्या धावणाऱ्या मुलींसाठी हे जवळचे उदाहरण.

२५ मार्च २०२० पासूनच्या कोरोना टाळेबंदीत मैदाने आणि वसतिगृहे बंद झाली. मुंबई-ठाण्याहून निघालेले मजूर बोचकी डोक्यावर घेऊन कसारा घाट चढून याच महामार्गाने पायी गावी परतत होते. अशा वेळी सराव बुडाल्याचे दुःख कोणाजवळ बोलून दाखवायचे, हा प्रश्न खेळाडूपुढे असतो. स्पाइक्स खिळ्याला टांगले जातात, आषाढात घरच्यांबरोबर आवणीला (भातलावणीला) उतरावे लागते. शरीर राबते, पण धावण्याची लय तुटते.

खरा घोर मात्र सराव बुडण्याचा नसतो, वय निघून जाण्याचा असतो. आंतरविद्यापीठ स्पर्धांना पंचवीस वर्षांची मर्यादा आहे. खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा फेब्रुवारी २०२० मध्ये भुवनेश्वरला सुरू झाल्या, त्यानंतरच्या थेट एप्रिल २०२२ मध्ये बंगळुरूला. राज्यातील शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. स्पर्धाच नाही तर प्रमाणपत्र नाही, आणि प्रमाणपत्र नाही तर त्या जागेवर हक्कही नाही. सैन्यभरतीही दोन वर्षे थांबली. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली, तेव्हा २१ वर्षांची कमाल वयोमर्यादा त्या एका वर्षापुरती २३ करावी लागली. मुलींच्या बाबतीत स्पर्धा थांबल्या की घरात स्थळांचा विषय निघतो, आणि मग परत मैदानावर येणे फार अवघड होते.

झोप उडणे, चिडचिड, जेवण कमी होणे, मित्रांना टाळणे, मैदान उघडल्यावरही न जाणे ही लक्षणे. त्यांना ‘आळस’ म्हणून झटकणे ही घरच्यांची आणि प्रशिक्षकांची सर्वांत मोठी चूक. खेळाडू दुखरा गुडघा दाखवतो, पण मनाचे दुखणे लपवतो. संघातून नाव कापले जाईल ही भीती त्यामागे असते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१९ मध्येच तज्ज्ञांचे एकमत प्रसिद्ध करून मानसिक आरोग्य शारीरिक आरोग्यापासून वेगळे काढता येत नाही, असे स्पष्ट केले होते.

१० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनाशुल्क आणि मराठीतही बोलता येते. हा क्रमांक प्रत्येक महाविद्यालयाच्या जिमखान्यात भिंतीवर लिहिलेला असावा.