जन्मावरून ठरलेला शत्रू
युद्ध आले की राष्ट्र आपल्याच माणसांचा जन्म तपासू लागते. १९४२ मध्ये अमेरिकेने जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना काटेरी तारेआड कोंडले. त्यातले बहुसंख्य अमेरिकेचेच नागरिक होते. कॉलेजच्या मुलामुलींचे शिक्षण अर्ध्यावर तुटले. अनेक मोठ्या विद्यापीठांनी लष्करी संशोधनाचे कारण सांगून दारे बंद ठेवली. ओहायोतल्या छोट्या ओबर्लिन कॉलेजने उघडली. १८३५ मध्येच काळ्या विद्यार्थ्यांना प्रवेश देण्याचे ठरवणारे हेच ते कॉलेज. तिथल्या विद्यार्थ्यांनी तर छावणीतून आलेल्या केंजी ओकुडाला विद्यार्थी परिषदेचा अध्यक्ष निवडले. प्रवेश उपकार म्हणूनही देता येतो. मत मात्र बरोबरीच्या माणसालाच दिले जाते. आपल्या कॅम्पसवर संशयाने पाहिल्या जाणाऱ्याला आपण नुसती बाकावर जागा देतो, की मतही?
जय भीम!