टू किल अ मॉकिंगबर्ड: त्या बारा खुर्च्यांवर कोण बसलं होतं?

आजचा भाग हार्पर ली यांच्या ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ या कादंबरीबद्दल. कॉलेजात असताना मी ती पहिल्यांदा वाचली आणि बहुतेकांसारखीच अ‍ॅटिकस फिंच या वकिलाच्या प्रेमात पडले. या भागासाठी परत वाचायला घेतली, तेव्हा मात्र माझी नजर वकिलावरून ज्युरीकडे वळली.

आधी गोष्ट थोडक्यात सांगते. काळ १९३० च्या दशकातला, जागतिक मंदीचा. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या अलाबामा राज्यातलं मेकॉम नावाचं काल्पनिक गाव. स्काउट नावाची लहान मुलगी आपल्याला सगळं सांगते. तिचे वडील म्हणजे अ‍ॅटिकस. ते टॉम रॉबिन्सन या कृष्णवर्णीय मजुराचा खटला लढवतात. त्याच्यावर एका गोऱ्या तरुणीवर बलात्कार केल्याचा आळ आहे.

आता पुरावा बघा. मुलीच्या चेहऱ्याच्या उजव्या बाजूला मार लागलाय, म्हणजे मारणारा बहुधा डावखुरा. टॉमचा डावा हात लहानपणीच जिनिंगच्या मशीनमध्ये सापडून निकामी झालेला. आणि मुलीचा बाप कोर्टात सगळ्यांसमोर डाव्या हाताने सही करतो! पोराटोरांनाही कळतं की टॉम निर्दोष आहे. तरीही ज्युरी त्याला दोषी ठरवते.

आपल्याकडे आज ज्युरी नाही, म्हणून दोन शब्द. ज्युरी म्हणजे सामान्य नागरिकांचा गट, आरोपी दोषी की निर्दोष हे तोच ठरवतो. ‘रुस्तम’ सिनेमा ज्यावर बेतलाय, तो मुंबईतला १९५९ चा नानावटी खटला आठवा, तिथेही ज्युरी होती. मेकॉमच्या ज्युरीत बारा जण आहेत आणि बाराही गोरे पुरुष.

हा काही योगायोग नव्हता. अलाबामात कृष्णवर्णीयांना ज्युरीपासून पद्धतशीरपणे लांब ठेवलं जायचं. १९३१ मध्ये तिथेच नऊ कृष्णवर्णीय पोरांना मालगाडीतून उतरवून दोन गोऱ्या तरुणींवर बलात्कार केल्याच्या आरोपाखाली पकडलं. हे ‘स्कॉट्सबोरो बॉइज’. काही दिवसांतच खटले उरकले आणि आठ जणांना मृत्युदंड सुनावला गेला. पुढे दोघींपैकी एकीने कोर्टात सांगितलं की असं काही घडलंच नव्हतं. तरीही पुढच्या ज्युरीने पुन्हा दोषीच म्हटलं! कृष्णवर्णीयांना असं वगळणं घटनाबाह्य आहे, हे सुप्रीम कोर्टाने याच प्रकरणात १९३५ मध्ये सांगितलं. आणि बायकांना? अलाबामात ज्युरीत बसायला त्यांना १९६६ पर्यंत थांबावं लागलं.

हार्पर ली यांचा जन्म १९२६ चा, अलाबामातल्याच मन्रोव्हिल गावातला. वडील वकील. त्यांनी १९१९ मध्ये खुनाचा आरोप असलेल्या दोन कृष्णवर्णीयांची बाजू मांडली होती. दोघांनाही फाशी झाली. त्यानंतर त्यांनी फौजदारी खटला परत घेतला नाही म्हणतात.

कादंबरी आली १९६० मध्ये. त्याच्या पाच वर्षं आधी शेजारच्या मिसिसिपीत एमेट टिल या १४ वर्षांच्या मुलाचा खून झाला होता आणि सगळ्या गोऱ्या पुरुषांच्या ज्युरीने आरोपींना जेमतेम तासाभरात सोडून दिलं होतं. त्याच वर्षी माँटगोमेरीत बसवरचा बहिष्कार सुरू झाला. म्हणजे गोष्ट तिशीतली असली, तरी वाचणाऱ्यांसाठी ती त्या दिवसांचीच होती. १९६१ मध्ये कादंबरीला पुलित्झर मिळालं आणि १९६२ च्या सिनेमासाठी ग्रेगरी पेकना ऑस्कर.

मॉकिंगबर्ड हा कुणाचं काही न बिघडवता गाणारा पक्षी. निरुपद्रवी जिवाला मारणं म्हणजे पाप, असा त्या नावाचा अर्थ. पण इथेच मला जरा खटकतं. टॉम पक्षी नाही ना, माणूस आहे! त्याची बायको, त्याची पोरं, त्याची वस्ती आपल्याला फार कमी दिसते. त्याचा अन्याय आपण गोऱ्या मुलीच्या डोळ्यांनी बघतो आणि शेवटी टाळ्या वकिलाला देतो. ही टीका अनेकांनी केली आहे आणि मला ती पटते. तरी पुस्तक मी बाजूला ठेवणार नाही. कारण ज्युरीतले ते बारा जण राक्षस नाहीत. साधे शेतकरी आहेत. खरं काय ते त्यांना दिसतं, पण गोऱ्याच्या शब्दासमोर काळ्याचा शब्द धरायचं धाडस त्यांच्यात नाही.

हे सगळं जुनं झालं असं वाटत असेल, तर थांबा. त्याच मन्रोव्हिलमधला वॉल्टर मॅकमिलियन हा कृष्णवर्णीय माणूस १९८७ मध्ये खुनाच्या आरोपाखाली पकडला गेला. खून झाला तेव्हा तो घरी होता, असं कितीतरी कृष्णवर्णीय साक्षीदार सांगत होते. ज्युरीत अकरा गोरे आणि एक कृष्णवर्णीय. तिने त्याला दोषी ठरवून जन्मठेप सुचवली, न्यायाधीशाने ती डावलून मृत्युदंड दिला. मुख्य साक्षीदाराने आपण खोटं बोललो असं कबूल केलं. वकील ब्रायन स्टीव्हनसन यांच्या लढ्यामुळे १९९३ मध्ये वॉल्टर सुटला, पण आयुष्यातली सहा वर्षं गेली ती गेलीच.

आणि मन्रोव्हिलचं जुनं कोर्ट आज म्युझियम आहे. कादंबरीवरचं नाटक तिथे वर्षानुवर्षं होत आलंय, लोक लांबून बघायला येतात.

म्हणून एवढंच सांगेन, ही कादंबरी वाचाल तेव्हा अ‍ॅटिकसचं भाषण ऐकाच, पण त्या बारा खुर्च्यांकडेही बघा. आणि स्वतःला विचारा, तेरावी खुर्ची आपली असती, तर आपण तोंड उघडलं असतं का?

भेटूया पुढच्या भागात.